सायटेशनच्या जाळ्यातून नवं संशोधनक्षेत्र कसं शोधावं? सीमाभागातल्या संशोधकांसाठी

पीएचडीला नाव नोंदवलं की गाइड विचारतात, "विषय काय घेणार?" आणि विद्यार्थी म्हणतो, "सर, तुम्हीच सांगा, सध्या कशावर काम चाललंय?" बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ऐकीव माहितीवर ठरतं. सीनियरने केलं त्याचाच पुढचा भाग, कॉन्फरन्समध्ये कानावर पडलेला एखादा शब्द, नाहीतर गाइडच्या जुन्या थिसिसची शेपटी. मग तीन-चार वर्षं अशा विषयात जातात, जिथून बाकीचे कधीच पुढे गेलेले असतात. मुलांची हुशारी कुठेच कमी नसते. समोर विषयाचा नकाशा नसतो, एवढंच.

हा नकाशा काढता येतो. फुकट मिळणाऱ्या साधनांनी काढता येतो. त्यासाठी बेंगळूर-पुण्याच्या मोठ्या संस्थेत असावं लागत नाही. साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि काही आठवड्यांची चिकाटी पुरते. कोर्सवर्कमधल्या 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' या पेपरात डेटाबेस आणि सायटेशन, म्हणजे एका पेपरने दुसऱ्याचा दिलेला संदर्भ, यांची तोंडओळख होते. इथे त्याच्या पुढचं, प्रत्यक्ष हाताने करायचं काम सांगतो.

जाळं कसं विणलेलं असतं

प्रत्येक पेपरच्या शेवटी संदर्भसूची असते. लेखक कोणाच्या कामावर उभा आहे, याची ती लेखी कबुली. लाखो पेपरांच्या अशा याद्या एकत्र केल्या की कोण कोणाशी जोडलेलं आहे ते दिसू लागतं. ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली आणि पुढच्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रत्यक्षात आणला. १९६५ मध्ये डेरेक डी सोला प्राइस यांनी दाखवलं की नवे पेपर अगदी अलीकडच्या पेपरांना दाटीने धरून असतात. या दाट पट्ट्याला त्यांनी 'रिसर्च फ्रंट' म्हटलं. आपल्याला शोधायचाय तो हाच पट्टा.

जोडणी तीन तऱ्हेची असते. एका पेपरने दुसऱ्याला साइट केलं, ही सरळ सायटेशन. दोन पेपरांच्या संदर्भसूचीत काही संदर्भ सारखे आले, तर ते बिब्लिओग्राफिक कपलिंग. १९६३ मध्ये केसलर यांनी ते मांडलं. दोन जुन्या पेपरांना नंतरचे लोक एकत्र साइट करू लागले, तर ते को-सायटेशन. १९७३ मध्ये अमेरिकेत हेन्री स्मॉल आणि सोव्हिएत रशियात इरिना मार्शाकोवा यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं.

यातला फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. को-सायटेशनला वेळ लागतो. पेपर छापून यावा, लोकांनी वाचावा, त्यांचे पेपर छापून यावेत, तेव्हा कुठे धागा दिसतो. म्हणजे को-सायटेशनचा नकाशा विषयाचा पाया दाखवतो. कपलिंग मात्र पेपर छापून आला त्याच दिवशी पक्कं होतं, कारण त्याची संदर्भसूची बदलत नाही. गेल्या महिन्यातल्या, अजून कोणीही साइट न केलेल्या पेपरालाही कपलिंगच्या नकाशात जागा मिळते. नवं क्षेत्र शोधायचं तर आधी कपलिंग, मग आधाराला को-सायटेशन, हा क्रम मी ठामपणे सांगेन. बॉयॅक आणि क्लाव्हन्स यांनी २०१० मध्ये २० लाखांहून अधिक वैद्यकीय पेपरांवर या पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हाही नुसत्या सायटेशनवर चालणाऱ्या पद्धतींत कपलिंग किंचित पुढे निघालं.

उदाहरण आपल्याच मातीतलं: बगॅसची राख

समजा तुम्ही सिव्हिल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहात. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. कारखान्यांचे बॉयलर आणि को-जनरेशनचे प्रकल्प बगॅसवर, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडावर, चालतात आणि मागे राखेचे ढीग उरतात. या राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं. ती नीट जळलेली आणि बारीक दळलेली असेल, तर काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग तिने भरून काढता येतो. जगभर यावर काम चालू आहे. पण 'बगॅसची राख काँक्रीटमध्ये घालून ताकद मोजली' एवढाच विषय घेतला, तर तुम्ही फार उशिरा पोचलात. मग आता नवं काय आहे?

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा: 'गेल्या दहा वर्षांत उसाच्या बगॅसच्या राखेचा बांधकाम साहित्यातला वापर या विषयात कोणते नवे गट तयार झाले?' विषय, वापर आणि काळ, तिन्ही त्यात हवेत. 'काँक्रीट' एवढं मोठं क्षेत्र घेतलंत तर नकाशात नुसता गोंधळ दिसेल. एखाद्या कारखान्यापुरतं आखडलंत तर पाच-पन्नास पेपरही मिळणार नाहीत. काहीशे ते दोन-तीन हजार पेपर हाती लागतील असा आवाका धरा.

डेटा कुठून आणायचा

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे पैसे भरून मिळणारे डेटाबेस. तुमच्या विद्यापीठाकडे किंवा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) ग्रंथालय कन्सोर्टियममधून काय उपलब्ध आहे, ते आधी ग्रंथपालांना विचारा. पुष्कळ विद्यार्थी हा साधा प्रश्न विचारतच नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स वाचायला मिळतात. नकाशा काढल्यावर मूळ पेपर वाचायची वेळ येते, तेव्हा ही योजना उपयोगी पडते.

यातलं काहीच नसेल तरी अडत नाही. ओपनॲलेक्स हा डेटाबेस २०२२ पासून सर्वांना खुला आहे. द लेन्स खुला आहे. डायमेन्शन्सची वैयक्तिक वापराची आवृत्ती फुकट आहे आणि तिच्यात नकाशासाठी वेगळी एक्स्पोर्टची सोय आहे. खासगी कॉलेजातल्या, सबस्क्रिप्शन नसलेल्या विद्यार्थ्याने थेट यांच्यापासून सुरुवात करावी. गुगल स्कॉलर पेपर शोधायला उत्तम, पण त्यातून संदर्भसूचीसह एकगठ्ठा डेटा निघत नाही, म्हणून या कामात त्याचा उपयोग फक्त पडताळणीला.

दोन तांत्रिक गोष्टी इथेच सांगतो, नाहीतर सगळं काम पुन्हा करावं लागतं. स्कोपसमधून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) घेताना 'रेफरन्सेस'च्या चौकोनात खूण करा. ती राहिली तर कपलिंग होणारच नाही. वेब ऑफ सायन्समधून 'फुल रेकॉर्ड अँड साइटेड रेफरन्सेस' हा पर्याय घ्या. तिथे एका वेळी ५०० नोंदीच निघतात, म्हणून १ ते ५००, ५०१ ते १०००, असे तुकडे करून फायलींना क्रमांक द्या.

सर्च स्ट्रिंग

डेटाबेसमध्ये शब्द इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायचे, हे उघड आहे. पण कोणते? 'शुगरकेन बगॅस ॲश' हा शब्द कुठे जोडून, कुठे तोडून 'शुगर केन' असा येतो. दोन्ही रूपं 'ऑर'ने जोडा. अनेक पेपरांत फक्त 'बगॅस ॲश' असतं, तेही घ्या. मग संक्षेप येतो: एससीबीए. इथे थांबा. हाच संक्षेप अग्निशमन दलाचे जवान पाठीवर घेतात त्या श्वसनयंत्रालाही आहे. तो एकटा टाकलात तर आग, धूर आणि जवानांची फुप्फुसं यांवरचे पेपर तुमच्या राखेत येऊन मिसळतील. संक्षेप टाकायचाच असेल तर 'अँड' लावून सिमेंट, काँक्रीट, मॉर्टर, जिओपॉलिमर, पोझोलॅन यांपैकी एखाद्या शब्दाशी बांधा.

नुसतं 'बगॅस' टाकलं तर इथेनॉल आणि कागद यांवरचं सगळं वाङ्मय येतं. 'ॲश' सोडू नका.

स्ट्रिंग बरोबर आहे का, हे तपासायची खात्रीची रीत अशी. या विषयातले तुम्हाला आधीपासून माहीत असलेले दहा-पंधरा चांगले पेपर वेगळे लिहून ठेवा. शोधाच्या निकालात त्यातले किती आले ते बघा. जे राहिले त्यांच्या शीर्षकात आणि सारांशात कोणता शब्द आहे ते पाहून स्ट्रिंग सुधारा. उलट बाजूने, निकालातले कुठलेही पन्नास पेपर उघडा आणि भलते किती आहेत ते मोजा. दोन्ही बाजूंनी समाधान झालं की स्ट्रिंग, तारीख आणि डेटाबेसचं नाव वहीत जसंच्या तसं उतरवा.

साफसफाई: खरं काम इथे आहे

रंगीत नकाशा पाच मिनिटांत निघतो. त्याच्या आधीच्या साफसफाईला आठवडा लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

आधी दुबार नोंदी काढा. एकच काम कॉन्फरन्समध्ये आणि नंतर जर्नलमध्ये आलेलं असेल तर दोन्हींची संदर्भसूची जवळपास सारखी असते. नकाशात ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि खोटा गट तयार होतो. जर्नलची आवृत्ती ठेवा.

मग मागे घेतलेले पेपर. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफने सर्वांना खुला केलेला आहे. तुमच्या यादीतले डीओआय, म्हणजे पेपरांचे कायमचे ओळखक्रमांक, त्याच्याशी जुळवून बघा.

आता अशी गोष्ट, जी भारतातल्या इंजिनिअरिंगच्या डेटाला खास लागू आहे आणि सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत सापडणार नाही. आपल्याकडच्या काँक्रीटच्या जवळजवळ प्रत्येक पेपरात आयएस ४५६, आयएस १०२६२, आयएस ३८३ हे भारतीय मानकांचे कोड संदर्भसूचीत असतात. राखेवर काम करणारे एएसटीएम सी ६१८ हे अमेरिकी मानक हमखास देतात. कपलिंग मोजणारं सॉफ्टवेअर या सारख्या संदर्भांना खरं नातं समजतं. परिणामी भारतातले सगळे पेपर एका बाजूला एका गठ्ठ्यात येतात, आणि आपण समजतो की इथे काही खास 'भारतीय प्रवाह' आहे. रेशनकार्ड सगळ्यांकडे असतं म्हणून सगळे एका घरातले ठरत नाहीत. म्हणून सीएसव्ही उघडून रेफरन्सेसच्या रकान्यातून हे कोड काढून टाका. एकच कोड किती तऱ्हांनी लिहिलेला सापडतो बघा: 'आयएस ४५६-२०००', 'आयएस:४५६', 'ब्यूरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स, प्लेन अँड रीइन्फोर्स्ड काँक्रीट'. प्रत्येक रूप वेगळं शोधून काढावं लागतं. फाइल एक्सेलमध्ये उघडली असेल तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर परदेशी लेखकांच्या नावातली अक्षरं बिघडतात. मूळ फाइलची प्रत कायम वेगळी ठेवा.

शब्दांचीही एकजूट करावी लागते. त्यासाठी थिसॉरस फाइल बनवतात. ही साधी टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यात टॅबने वेगळे केलेले दोन रकाने असतात. पहिल्याचं शीर्षक 'लेबल', दुसऱ्याचं 'रिप्लेस बाय'. डावीकडे 'शुगर केन बगॅस ॲश', उजवीकडे 'बगॅस ॲश'. डावीकडे 'कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ्स', उजवीकडे तेच एकवचनी. उजवीकडे काहीच लिहिलं नाही तर तो शब्द नकाशातून गळतो, म्हणून 'आर्टिकल', 'रिझल्ट्स' असे पोकळ शब्द असेच काढता येतात.

नकाशा काढताना

सुरुवातीला व्हॉसव्ह्यूअर वापरा. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांनी तो तयार केला, आणि तो मोफत आहे. कॉम्प्युटरवर जावा नसेल तर आधी ते टाकून घ्या. 'क्रिएट' दाबा, बिब्लिओग्राफिक डेटावरून नकाशा हा पर्याय निवडा, फाइल द्या. तुमच्याकडे फाइल नसेल तर तो ओपनॲलेक्समधून थेट डेटा मागवू शकतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सच्या फायली मात्र त्यात एकत्र टाकता येत नाहीत. ती गरज असेल तर 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेतलं बिब्लिओमेट्रिक्स घ्या. आरिया आणि कुकुरुल्लो यांनी २०१७ मध्ये ते मांडलं. त्याचं बिब्लिओशायनी हे रूप ब्राउझरमध्ये उघडतं आणि त्यात कोड लिहावा लागत नाही.

विश्लेषणाचा प्रकार 'बिब्लिओग्राफिक कपलिंग', एकक 'डॉक्युमेंट्स'. मोजणी 'फ्रॅक्शनल' ठेवा, म्हणजे लांबलचक संदर्भसूचीच्या पेपराचं वजन बेताचं राहतं. रिव्ह्यू पेपरात दोन-दोनशे संदर्भ असतात, साध्या मोजणीत तो सगळ्यांशी जोडला जातो आणि नकाशाच्या मध्ये बसून गटांमधल्या सीमा पुसून टाकतो. माझं मत विचाराल तर पहिल्या नकाशातून रिव्ह्यू पूर्ण वगळा आणि वाचनासाठी वेगळे ठेवा.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. सॉफ्टवेअर विचारतं: पेपरला किमान किती सायटेशन असावीत? तिथे आधीपासून काहीतरी आकडा भरलेला असतो आणि बहुतेक जण पुढे जातात. हा आकडा शून्य करा. गेल्या दीड-दोन वर्षांतल्या पेपरांना सायटेशन मिळायला वेळच मिळालेला नसतो. पाच किंवा दहाची अट ठेवलीत की ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला तेच पेपर दारातून परत जातात. राहिलेल्या नकाशाला 'उगवती क्षेत्रं' असं नाव देऊन छापलेले पेपरही बघायला मिळतात. त्यात खरं तर तीन-चार वर्षांपूर्वीचं चित्र असतं.

काही पेपर कोणाशीच जोडलेले नाहीत, फक्त सगळ्यात मोठा जोडलेला संच घ्यायचा का, असंही ते विचारतं. नकाशासाठी 'हो' म्हणा, पण सुटलेल्या पेपरांची यादी बघून ठेवा.

नकाशा आला की आधी नेटवर्कचं दृश्य बघा. रंग म्हणजे गट, म्हणजे क्लस्टर. नंतर ओव्हरलेचं दृश्य घ्या आणि रंगाला प्रकाशनाचं वर्ष लावा. जुने पेपर निळे-जांभळे, नवे पिवळे दिसतात. एकाच गटात पिवळे ठिपके दाटलेले असतील तर तिथे लक्ष द्या.

गट किती पडावेत हे 'रेझोल्यूशन' नावाच्या आकड्यावर ठरतं. सुरुवातीला तो १ असतो. ०.८ आणि १.२ ठेवूनही नकाशा काढा. तिन्ही वेळा जो गट टिकतो तो खरा. एकदाच दिसून विरघळणाऱ्या गटावर थिसिस उभा करू नका.

गटाला नाव द्यायचं तर पेपर वाचावेच लागतात

सॉफ्टवेअर गटाला 'क्लस्टर ३' म्हणतं. त्याचा अर्थ तुम्हाला लावायचा असतो, आणि तो शीर्षकं वाचून लागत नाही. प्रत्येक गटातले सगळ्यात घट्ट जोडलेले पाच-सहा, सगळ्यात नवे पाच-सहा आणि दोन गटांच्या सीमेवरचे दोन-तीन पेपर पूर्ण वाचा. वहीत चार गोष्टी लिहा: प्रश्न काय, साहित्य आणि पद्धत काय, निकाल काय, आणि लेखक स्वतः काय राहिलं म्हणतात.

बगॅसच्या राखेत असे गट तुम्हाला भेटतील. सिमेंटचा काही टक्के भाग बदलून ताकद मोजणारं जुनं, मोठं काम. राख कोणत्या तापमानाला जळली, किती दळली, न जळलेला कार्बन किती राहिला, हे बघणारं काम. काळ्या मातीचं मजबुतीकरण. सिमेंटच न वापरता अल्कलीने सक्रिय केलेले जिओपॉलिमर. आणि मशीन लर्निंगने ताकदीचा अंदाज बांधणारे पेपर. यातला शेवटचा गट ओव्हरलेमध्ये चमकदार दिसतो आणि विद्यार्थी लगेच तिकडे धावतात. त्याला खालच्या कसोट्या आधी लावा.

उगवतं क्षेत्र की नुसती गर्दी?

रोटोलो, हिक्स आणि मार्टिन यांनी २०१५ मध्ये उगवत्या तंत्रज्ञानाच्या पाच खुणा सांगितल्या: मुळातलं नवेपण, तुलनेने वेगाने वाढ, अंतर्गत सुसंगती, मोठ्या परिणामाची शक्यता, आणि अनिश्चितता. सायटेशनमधून यातल्या वाढीचा आणि सुसंगतीचा अंदाज चांगला येतो. बाकीच्यासाठी वाचन आणि जाणकारांशी बोलणं, याला पर्याय नाही.

वाढ मोजताना भागिले काय, हे विचारा. गटातले पेपर ४० वरून ८० झाले म्हणजे दुप्पट वाढ. पण त्याच काळात पूर्ण विषयातले पेपरही ४०० वरून ८०० झाले असतील तर गटाचा वाटा दहा टक्के होता, तेवढाच राहिला. वाढ वाट्याची बघायची. त्यासाठी डेटा तीन कालखंडांत तोडा, उदाहरणार्थ २०१५-१९, २०२०-२२ आणि २०२३-२५, आणि प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढा. मागच्या कालखंडात ज्या गटाचं नाव नव्हतं आणि पुढच्यात आहे, तो नवा. एकाचे दोन झाले असतील तर विषय फुटतोय. दोन जुने गट जवळ येत असतील तर तेही फार मोलाचं असतं.

दुसरी कसोटी प्राइस निर्देशांकाची, आणि ती एक्सेलमध्येही जमते. गटातल्या सगळ्या संदर्भांपैकी, पेपर छापून यायच्या आधीच्या पाच वर्षांतले किती? ज्या गटात हा वाटा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त, तिथले लोक ताज्या कामावर ताजं काम रचताहेत.

तिसरी: लेखक कोण आहेत? एकाच प्रयोगशाळेतली चार-पाच नावं फिरून फिरून येत असतील आणि एकमेकांनाच साइट करत असतील, तर ते अजून क्षेत्र झालेलं नाही. वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांशी संबंध नसलेले गट स्वतंत्रपणे त्याच प्रश्नाकडे आले असतील तर पाया भक्कम.

मशीन लर्निंगच्या गटात आणखी एक गोष्ट पाहा: मॉडेलसाठी वापरलेला डेटा नव्या प्रयोगांतून आला, की जुन्या पेपरांतले तेच तक्ते पुन्हा वापरले? दुसरं असेल तर वाढ दिसते, पण राखेबद्दलची माहिती वाढत नाही. उलट राख जाळण्याच्या आणि निवडण्याच्या पद्धतीवरचा गट दिसायला फिका असतो, पण तिथे प्रत्यक्ष कारखान्याची राख लागते. ती तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. जिओपॉलिमरच्या गटाशी त्याची जोडणी विरळ दिसत असेल, तर तिथे प्रश्न शोधा.

शब्दांची अचानक उसळी बघायची असेल तर चाओमेई चेन यांचं साइटस्पेस वापरा. त्यात क्लाइनबर्ग यांनी २००२ मध्ये मांडलेली बर्स्ट ओळखण्याची रीत आहे. नकाशात आलेला निष्कर्ष दुसऱ्या वाटेने पडताळायला ती बरी पडते.

आपल्या भागात कोण काय करतंय

सहकारी शोधायचे असतील तर पत्त्यावरून शोध घ्यावा लागतो, आणि तिथे सीमाभागाची म्हणून एक अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव 'बेळगावी' झालं. त्याआधीचे सगळे पेपर 'बेलगाम' या इंग्रजी स्पेलिंगखाली आहेत, आणि नंतरही कित्येक लेखक जुनंच लिहितात. एकच नाव टाकलंत तर निम्मं काम दिसणार नाही आणि २०१४ नंतर इथे संशोधनाला अचानक पूर आला असा भास होईल. विजापूर, गुलबर्गा, हुबळी यांचंही त्याच दिवशी तसंच झालं.

संस्थांचीही नावं बदललीत. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं; त्याआधी इथल्या कॉलेजांतले लोक धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या नावाखाली सापडतील. आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकावरची बेळगावची संस्था आधी रीजनल मेडिकल रिसर्च सेंटर होती. विश्वेश्वरय्या हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं जातं ते व्हीटीयूच्या पत्त्यांत दिसतंच. ओपनॲलेक्समध्ये संस्थेला एकच ओळखक्रमांक असतो, तो वापरला तर यातली बरीच डोकेदुखी वाचते. निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचाही शोध घ्यावा. ऊस दोन्ही राज्यांत तोच आहे, आणि राज्याची सीमा आडवी आल्यामुळे शेजारच्या प्रयोगशाळेतलं काम आपल्याला ठाऊक नसतं.

मराठी आणि कन्नडमधून संशोधन करणाऱ्यांसाठी

भाषा, साहित्य, लोकसंस्कृती, इतिहास या विषयांत वरची रीत जशीच्या तशी चालत नाही. मोठे डेटाबेस मुख्यतः इंग्रजी जर्नल्स बघतात. मराठी नियतकालिकं, ग्रंथ, स्मरणिका त्यांना जवळपास दिसतच नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्मेवर स्कोपसमध्ये चार पेपर सापडले, म्हणजे त्या विषयावर काम झालेलं नाही असं कोणी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं तर ते चूक आहे, आणि ज्यांनी हयात घालवून काम केलं त्यांच्यावर अन्यायही आहे.

इथे जाळं हाताने विणावं लागतं. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या थिसिसांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, विषयाशी जवळचे वीस-पंचवीस थिसिस शोधा, मराठीतले, कन्नडमधले आणि इंग्रजीतले. प्रत्येकाची संदर्भसूची एक्सेलमध्ये उतरवा: एका रकान्यात थिसिस, दुसऱ्यात त्याने घेतलेला ग्रंथ, तिसऱ्यात ग्रंथाची भाषा. ग्रंथांची आणि लेखकांची नावं एकाच रूपात लिहा. कोणते ग्रंथ एकत्र येतात, ते मोजा. ग्रंथसंख्या काहीशेच असते, त्यामुळे हे काम महिन्याभरात होतं.

मग तिसऱ्या रकान्याकडे या. कन्नड थिसिस मराठी ग्रंथांना किती साइट करतात, मराठी थिसिस कन्नड ग्रंथांना किती? यल्लम्मेचे भक्त कोल्हापुराकडूनही येतात आणि धारवाडकडूनही, पण तिच्यावर लिहिणारे एकमेकांना वाचतात का, हे तुमचा तक्ता सांगेल. १९८६ मध्ये डॉन स्वॉन्सन यांनी दाखवलं होतं की माशाच्या तेलावरचं आणि रेनो आजारावरचं (ज्यात थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आटतो) वाङ्मय एकमेकांना साइट करत नव्हतं, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक नवं गृहीतक उभं राहिलं. जिथे विषय एक आणि सायटेशन तुटलेली, अशी फट हीच संशोधनाची जागा. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि थिसिस इंग्रजीत, असं वाढलेल्या संशोधकाला ती फट दोन्ही बाजूंनी वाचता येते. पुण्यात किंवा म्हैसुरात बसलेल्याला हे इतकं सहज जमत नाही.

सिनॉप्सिसमध्ये काय मांडायचं

समितीपुढे रंगीत नकाशा एकच ठेवा. त्याच्या खाली सर्च स्ट्रिंग, डेटाबेस, शोधाची तारीख, मिळालेले आणि वगळलेले पेपर, किमान सायटेशनचा आकडा, मोजणीची पद्धत आणि रेझोल्यूशन लिहा. हे नसेल तर नकाशा दुसऱ्या कोणालाही पडताळता येत नाही. नंतर गटांचा तक्ता: नाव, पेपरांची संख्या, तिन्ही कालखंडांतला वाटा, प्राइस निर्देशांक, आणि तुम्ही पूर्ण वाचलेले पेपर किती. शेवटचा रकाना टाळू नका, समितीतला जाणकार सदस्य तोच आधी बघतो.

या आकड्यांवरून कोणता संशोधक मोठा, कोणता लहान, हे मात्र ठरवायला जाऊ नका. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याबद्दलचं २०१२ चं डोरा निवेदन आणि २०१५ चा लायडन मॅनिफेस्टो, दोन्ही त्याविरुद्ध बजावतात. आपला नकाशा विषयाची दिशा दाखवतो, एवढंच त्याचं काम.

तीच सर्च स्ट्रिंग डेटाबेसमध्ये अलर्ट म्हणून लावून ठेवा, म्हणजे नवा पेपर आला की मेल येईल. दर सहा महिन्यांनी पूर्ण डेटा पुन्हा उतरवून तोच नकाशा त्याच आकड्यांनी काढा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा. निवडलेला गट वाढतोय, फुटतोय की दुसऱ्यात विरतोय, हे प्रत्येक प्रगती अहवालाच्या आधी तपासा. विरत असेल तर गाइडशी तेव्हाच बोला, कारण पहिल्या वर्षी प्रश्न थोडा वळवणं सोपं असतं आणि तिसऱ्या वर्षी फार अवघड.